खिडकीपाशी एक टेबल

घर रिकामं करण्यात माझा हात धरणारा माणूस बॅलरॅट शहरापासून समुद्रापर्यंत सापडायचा नाही! अडतीस वर्षं लोकांचं सामान हलवायचं काम केलं. पियानो उतरवले, बिलियर्डची टेबलं जिन्यावरून चढवली. एकदा तर एका म्हातारीला आरामखुर्चीसकट उचलून ट्रकात ठेवलं, कारण ती उठायलाच तयार नव्हती. एवढ्या वर्षांत माझ्या हातून कपाचा कानसुद्धा उडाला नाही.

हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं ते एखाद्या नवशिक्याच्या हातून झालं, असं कुणी म्हणायला नको.

माझी बायको लॉरेल मार्चमध्ये गेली. ऑगस्ट आला तरी मी सिंकपाशी उभा राहून डब्यातलं सूप पीत होतो. थंडच. गरम केलं की भांडं घासावं लागतं.

आमची मुलगी ब्रॉन्विन ब्रिस्बेनला असते. दर रविवारी तिचा फोन येतो.

"बाबा, आज काय खाल्लंस?"

"सूप."

"आणि काल?"

"हेच. आजचं त्यातलंच उरलेलं."

ती म्हणाली, "हे बघ, माणूस जिथे बसतो-उठतो तसाच होत जातो. तू आईच्या खोलीचं दार लावून घेतलंयस आणि सिंकपाशी उभ्याने जेवतोयस. अशाने मन आंबतं. ते दार उघड. खिडकीपाशी एक टेबल, भरपूर उजेड, एखादं झाड. रोज सकाळी अर्धा तास तिथे बसून हाताने काहीतरी कर. चित्र काढ, लाकूड तास, काहीही! करशील?"

"अगं, टेबल ठेवायला काय लागतं? आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. मागच्या व्हरांड्याला काचा लावून केलेली ती खोली. तिथे बसून लॉरेल त्रेचाळीस वर्षं रंगवत होती. गावातल्या निम्म्या पत्रपेट्यांवर तिने काढलेले पोपट आहेत. कुणाचं लग्न असो, बारसं असो, कुणाची गाय प्रदर्शनात पहिली आलेली असो, लॉरेल काहीतरी रंगवून देणारच. स्वतःसाठी मात्र एक चित्र ठेवलं नाही. सगळं वाटून टाकलं.

खिडकीपाशी एक टेबल होतंच. पण त्याला टेबल म्हणायचं तर गोठ्याला हॉटेल म्हणावं लागेल! वरच्या फळीवर रंगाचे इतके थर की लाकूड कुठलं ते सांगता येईना. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. त्याच्याकडे मला बघवेना. म्हणून सगळ्यात आधी तेच उचललं.

त्याच पंधरवड्यात आमच्याकडे अडगळ काढायची होती. वर्षातून एकदा नको असलेलं सामान घरापुढच्या गवतावर ठेवायचं. नगरपालिकेचा ट्रक येईपर्यंत ज्याला जे हवं ते त्याने न्यावं. नियम एकच, तो कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. गवतावर ठेवलं ते गेलं. परत मागायचं नाही. परत मागणारा माणूस म्हणजे पंगतीत बसलेल्याच्या पुढचं ताट ओढणारा!

टेबल गवतावर ठेवलं. दुपारपर्यंत गेलंसुद्धा. मग मी नवं पांढरं टेबल आणलं. खोक्यातून सुटे भाग निघतात आणि आपण जोडायचे, तसलं. जोडून झाल्यावर चार स्क्रू उरले. ते मी खिशात टाकले. वर एक कुंडी ठेवली आणि रविवारची वाट बघत बसलो.

"बघू बघू, फोन फिरव," ब्रॉन म्हणाली. मी ऐटीत फिरवला.

"काय मस्त उजेड आहे रे! ते पांढरं काय?"

"टेबल."

"आईचं टेबल कुठंय?"

"गवतावर ठेवलं. नेलं कुणीतरी."

फोनवर तिचा चेहरा एकदम जवळ आला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मी त्याच टेबलाबद्दल बोलत होते. तिच्या जागेवर बस म्हणत होते तुला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "शनिवारी येते मी," एवढंच म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी त्या पांढऱ्या टेबलापाशी बसलो. त्या जुन्या फळीच्या डाव्या कोपऱ्यातला लाल डाग ब्रॉनने पाच वर्षांची असताना बाटली सांडली त्याचा होता. मधला पिवळा समोरच्या पत्रपेटीच्या पोपटाचा. शेवटी शेवटी लॉरेलचा हात थरथरायचा, तेव्हाचे बारीक निळे थेंब उजवीकडे होते. तिच्या हातचं घरात एवढंच उरलं होतं. आणि ते मी एक ओरखडा न काढता, धंद्यातल्या सगळ्या सफाईने, बाहेर नेऊन ठेवलं होतं!

सोमवारी सकाळीच समोरच्या कॉन्चेटाबाईंकडे गेलो. आमच्या रस्त्यावर मांजर शिंकलं तरी त्यांना दिसतं.

"एक म्हातारा होता," त्या म्हणाल्या. "निळी टोपी. पांढरी गाडी, मागे उघडी. गावात नवा असावा, मला बघून हात हलवला."

"गाडीचा नंबर?"

"मी काय पोलीस आहे? आणि काय रे नेव्हिल, लॉरेलचं टेबल टाकलंस? माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, त्याची कवळी अजून ग्लासात आहे!"

आता पांढरी, मागे उघडी गाडी आमच्या गावात कुणाकडे नाही? फक्त पाद्रीबाबांकडे एक नाही. त्यांच्याकडे दोन आहेत! तेव्हा एका टोकापासून दारं ठोठावायला सुरुवात केली. एकच दार सोडलं, म्हाताऱ्यांच्या शेडचं. रिटायर झालेले बाप्ये तिथे जमून मोडकं सामान दुरुस्त करतात आणि गरजूंना देतात. तिथला मुख्य मर्व्ह. लॉरेल गेल्यापासून तो दर मंगळवारी मला बोलवत होता आणि मी दर मंगळवारी गुडघा पुढे करत होतो. आता कुठल्या तोंडाने जायचं?

बाकी दारं मात्र सगळी झाली. पण 'माझं टेबल परत द्या' हे शब्द तोंडातून निघेनात. मी आपला म्हणायचो, "टेबल शोधतोय. जुनं. खिडकीपाशी ठेवायला." आणि आत डोकावून बघायचो. लोक हळहळायचे, चहा पाजायचे. दर दोन दारांनंतर पत्रपेटीवर लॉरेलचा एक पोपट माझ्याकडे बघायचा. त्या नजरेला नजर देणं सगळ्यात अवघड.

गुरुवारी गिरणीच्या रस्त्यावर एका गवतावर सामानाचा ढीग दिसला. गादीखालून चार जुने पाय डोकावत होते. गादी बाजूला सारली, फळीकडे न बघताच टेबल खांद्यावर घेतलं आणि निघालो.

"ए नेव्ह!" मागून हाक आली. "रिटायर झाल्यावर चोऱ्या करतोस काय रे?"

बघतो तर गॅव्हिन. मीच शिकवून तयार केलेला. त्याच्यामागे आमच्याच कंपनीचा ट्रक उभा! ती अडगळ नव्हती, एका बाईंचं घर हलत होतं. त्या बाई दारात उभ्या.

"मला वाटलं अडगळ आहे," मी म्हणालो.

"अडगळ?" बाई म्हणाल्या. "माझ्या आजीचं टेबल आहे ते!"

"ठेव खाली," गॅव्हिन हळूच म्हणाला. "आणि जपून ठेव. तूच शिकवलंयस."

जपून ठेवलं. ओरखडा नाही.

तोवर गावभर झालं होतं की बिचाऱ्या नेव्हकडे घरात टेबलसुद्धा नाही, दारोदार फिरतोय. शुक्रवारी सकाळी पडदा सारला तर माझ्या गवतावर तीन टेबलं! दुपारी सहा. संध्याकाळपर्यंत नऊ! एक पत्त्यांचं, एक बाळाला अंघोळ घालायचं, एक संगमरवरी, जे आणायला चार माणसं लागली असणार. पाद्रीबाबांनी दोन आणली. एकावर कॉन्चेटाबाईंनी पास्त्याचं भांडं ठेवलं होतं, वर चिठ्ठी: 'बसून खा.' संगमरवरीवर नगरपालिकेची नोटीस होती की ठरलेल्या मापापेक्षा जास्त अडगळ बाहेर ठेवल्याबद्दल खुलासा करावा.

शनिवारी ब्रॉन टॅक्सीतून उतरली आणि बॅग हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"बाबा, हे काय?"

"टेबलं."

"यात आईचं आहे?"

"नाही."

तिने बॅग खाली ठेवली आणि मला मिठी मारली. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक गाडी वळली. पांढरी, मागे उघडी. मर्व्ह चालवत होता. शेजारी निळी टोपी! मागे चादरीखाली झाकलेलं काहीतरी.

"नेव्ह, गड्या!" मर्व्ह उतरत ओरडला. "टेबल हवं होतं तर शेडमध्ये यायचं सोडून गाव काय पालथं घालतोस? हा फ्रँक, मे महिन्यात गावात आलाय. कुठल्याशा गवतावरून उचलून आणलं होतं याने, याला अजून सगळे रस्ते सारखेच दिसतात. तुझ्यासाठी शेडमधले आम्ही पाचही जण राबलो बघ!"

आणि त्याने चादर ओढली.

पाय मी लगेच ओळखले. वरची फळी ओळखू आली नाही. नुसती झळकत होती, मर्व्हच्या टकलासारखी. माझं तोंड दिसत होतं तिच्यात.

"काय अवस्था होती!" फ्रँक म्हणाला. "कुणा गाढवाने नुसते रंगाचे डबे ओतले होते वर! चार दिवस खरवडत होतो. एक कण ठेवला नाही."

ब्रॉनने तोंडावर हात दाबला आणि ती घरात पळाली.

"आवडलं वाटतं पोरीला," मर्व्ह म्हणाला.

"फार," मी म्हणालो.

दुसरं काय म्हणणार? पाच म्हाताऱ्यांनी हाताची सालटी काढून घेतली होती. फ्रँकच्या अंगठ्याला पट्टी होती. "छान झालंय," मी म्हणालो. "आभारी आहे, दोस्तांनो." मी फळीवरून दोनदा हात फिरवला. त्यांना वाटलं, आनंदाने.

"चल, आत ठेवू," मर्व्ह म्हणाला.

"मी घेतो." टेबल दारातून न्यायचं तर आडवं करायचं, पाय आधी, हे हातांना पाठ आहे. मी ते गवतावर आडवं केलं.

"खालची बाजू राहिलीय हं," फ्रँक ओशाळून म्हणाला. "न दिसणाऱ्या जागी कोण घासत बसतो?"

खालच्या बाजूला, लॉरेल बसायची त्या कडेला, बोटं उमटलेली होती. शेकड्यांनी. निळी, हिरवी, पिवळी, एकावर एक. रंगाचं बोट ती टेबलाखाली पुसायची. त्रेचाळीस वर्षं मी ओरडत आलो, "अगं, फडकं कशाला दिलंय?" आणि त्रेचाळीस वर्षं ती म्हणाली, "खाली कोण बघतंय?"

"ब्रॉन!" मी हाक मारली. "बाहेर ये!"

ती आली. मी बोट दाखवलं. ती गवतावर बसली, मीही बसलो. मर्व्हने आधी ती बोटं बघितली, मग रस्त्यापलीकडच्या पत्रपेटीवरचा पोपट. मग त्याने टोपी काढली. फ्रँकला तो काहीतरी हळूच म्हणाला, आणि फ्रँक बिचारा संगमरवरी टेबलावर मटकन बसला. ते त्याच्याखाली मोडलं नाही, एवढीच त्या दिवशीची मेहेरबानी.

नऊ टेबलं परत करायला मला चार मंगळवार लागले. शेडचीच गाडी वापरली. फ्रँक मदतीला होता. तो अजून माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघतो, मी त्याच्या अंगठ्याची चौकशी करतो.

रोज सकाळी अर्धा तास मी खिडकीपाशी असतो. टेबलापाशी मात्र नाही, टेबलाखाली. पाठीवर पडून, वर बघत. पहिल्याच आठवड्यात कॉन्चेटाबाई पास्त्याचं भांडं न्यायला मागच्या बाजूने आल्या, काचेतून माझे पाय बघितले आणि रुग्णवाहिका बोलावली! रुग्णवाहिकेतून आलेल्या मुलीला मी सांगितलं की हे मनाच्या आरोग्यासाठी चाललंय. तिने वाकून खाली बघितलं, जरा वेळ बघत राहिली आणि नाडी न बघताच गेली.

"बाबा, अर्धा तास बसतोस ना?" ब्रॉन रविवारी विचारते.

"पडतो."

"आणि हाताने काही करतोस?"

तेही केलं, सांगून टाकतो. परवा टोस्ट खाऊन तसाच खाली शिरलो होतो. बोटाला जर्दाळूचा जॅम होता. लॉरेलच्या शेवटच्या निळ्या बोटाशेजारी जराशी जागा होती. इकडे तिकडे बघितलं आणि हळूच तिथे पुसलं. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर मुंग्या! तिच्या रंगांना त्रेचाळीस वर्षांत एक मुंगी लागली नाही. माझ्या पहिल्याच कलाकृतीला रांग लागली.