माडआळीचे वाडीस पाणी कैसे आले त्याची हकीकत

समस्त पालकमंडळी आणि पुढे पालक होऊ घातलेली मंडळी यांचे माहितीस्तव सादर. शके एकोणीसशे सेहेचाळीस, मार्गशीर्ष मासी, वटार गावचे अंगास माडआळी म्हणोन जागा आहे, तेथे जी मोहीम जाहली ती साद्यंत लिहिली आहे. ऐकीव मजकूर घातला नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा तर मुळीच नाही.

माडआळीस गावाने चालविलेली बालवाडी होती. रामनाथ तात्यांनी आपले केळींमधली जागा दिली, आणि गावाने खोली उभारिली, आणि बावीस पोरे दाखल जाहली, मग ध्यानी आले की नळ नाही आणि शौचालयही नाही. हाजत लागली असता रस्ता ओलांडोन शेजाऱ्यांचे घरी जावे लागे, आणि त्या दाराशी एक काळा कुत्रा ठाणे देऊन बसलेला असे.

त्या फौजेत रोशनीबाईंची कन्या मनाली, वय वर्षे चार. तिणे कुत्र्यावर आपली मसलत केली ऐसी की पाणीच प्यावयाचे नाही. नवापासोन बारापर्यंत एक थेंब नाही. मग दोन महिन्यांत दोनदा ताप आला आणि लघवीस जळजळ जाहली, आणि डॉक्टरसाहेबांचा हुकूम सुटला की दिवसभर पाणी पाजावे, तिसऱ्यांदा ऐसे होता उपयोगी नाही. रोशनीबाई ते दिवसापासोन पेला घेऊन बालवाडीचे खिडकीशी उभ्या राहू लागल्या. मनालीने मान हलवावी आणि बाईंनी माघार घ्यावी, ऐसे पंधरा दिवस चालिले.

मग क्लेमेंटीन टीचर, ज्यांणी तीस वर्षे हायस्कुलात मराठी शिकविले, त्यांचे ओटीवर सभा भरली. निधी मागावा, ऐसे ठरले. गाव महापालिकेचे हद्दीत, परंतु निवडणूक न जाहल्याने नगरसेवकांच्या गाद्या ते समयी कैक वर्षे रिकाम्या, सबब अर्जी थेट प्रभाग कार्यालयी गुदरावी. तात्यांनी मजकूर सांगितला, 'आमचे वाडीस पानी नाय, शौचालय नाय, तरी निधी मिळावा.' टीचरांची लेखणी तेथेच थांबली.

"तात्या, पाणी. बाणातला ण."

"टीचर, नळातला न ऱ्हाऊ द्या. नळच तं मागतो."

यावरोन जे युद्ध पेटले ते पाऊण तास चालिले. कोणी न चे पक्षास मिळाले, कोणी ण चे, आणि चहा दोनदा फिरला. अखेर ण ची सरशी जाहली, नाय चे नाही जाहले, आणि अर्जीवर एक्केचाळीस सह्या पडल्या. परंतु माडआळीत पोर बालवाडीस गेले ऐसे कोणी बोलत नाही, वाडीत गेले ऐसेच बोलतात. सबब वाडी या शब्दावर कोणाची नजर ठरली नाही.

प्रभाग कार्यालयी शत्रुघ्न नामे कारकून. त्यांणी वाचिले, वाडीस पाणी नाही. या मुलुखात वाडी म्हणजे केळी, माड, पानवेल. त्यांणी अर्जी उद्यान खात्याचे फाइलीत सरकविली. यात त्यांजला बोल लावणे न्यायाचे नाही.

मग रोशनीबाईंनी दर मंगळवारी कार्यालयास वेढा घातला. साहेब साइटवर आहेत, फाइल वर आहे, मॅडम चार्जर आहे का, ऐसे जबाब मिळाले. पाचवे मंगळवारी शत्रुघ्न कारकुनांनी हसोन मुबारकी दिली की उद्यान खात्यात तत्त्वतः मंजूर जाहले, आता पाहणी होईल. बाईंचे पायाखालची फरशी सरकली. त्यांणी आडून पुसले की चुकून दुसरे खात्याचे असेल तर काय होते. कारकून बोलिले की मग परत, मग शिक्षण, मग बांधकाम, मग पुढले साली पाहू.

ही खबर ओटीवर येताच टीचरांनी दुरुस्तीपत्रास कागद काढिला. रोशनीबाईंनी हात धरिला.

"अगं, खोटं बोलायचं? मी कन्फेशनला काय सांगू?"

"टीचर, आपण काहीच बोलायचं नाही. फादरना सांगायला उरणारच काय?"

माघ मासी उद्यान खात्याचे हितेश साहेब छापील तक्ता घेऊन खासे दाखल जाहले. केळींमधोन वाट काढीत खोलीपाशी आले आणि बावीस पोरे पाहोन थबकले. झाडे कोठे, ऐसा सवाल जाहला. तात्या कबुली देणार तोच रोशनीबाईंनी त्यांचे पायावर पाय दिला. टीचरांनी आकाशाकडे पाहिले. साहेबांनी पुनः सवाल केला. ऊन तापले होते, म्हणोन आतून बालवाडीच्या शिक्षिकेने पोरांस घागरीतले पाणी वाटावयास घेतले, आणि पेला मनालीपाशी आला.

"नको," ती म्हणाली. "मग शू येते."

साहेबांनी ऐकिले. काळ्या कुत्र्याकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले. मग तक्ता गुडघ्यावर धरोन एकेक रकाना मोठ्याने वाचीत भरू लागले. लागवड, बावीस. वय, तीन ते पाच वर्षे. सद्यस्थिती, पाण्यावाचोन वाढीस धोका. तजवीज, नळ एक, टाकी एक, शौचालय एक. मग किंचित थांबोन कंसात लिहिले की बैठक ठेंगणी असावी.

"खोटं एक अक्षर नाही ना?" त्यांणी विचारिले.

"नाही," टीचर म्हणाल्या. "फक्त ठेंगणीतला ण नीट काढा."

येणेप्रमाणे काम मंजूर होऊन महिन्यात पुरे जाहले. दारावर उद्यान खात्याची पाटी लागली की येथील फुले तोडू नयेत. ती कोणी काढिली नाही. पहिले दिवशी तात्यांनी नारळ वाढविला आणि टीचरांनी क्रूसाची खूण केली. मनालीने दोन पेले पाणी पिऊन शौचालयाकडे कूच केले, आणि रोशनीबाई मागोमाग दारापर्यंत गेल्या, की कडी लागेल, पाय घसरेल, ऐसे नाना अंदेशे मनी होते. तेव्हा दार किंचित उघडोन आतून हुकूम जाहला, "मम्मी, तू घरी जा."

बाई फाटकापर्यंत हटल्या. तेथे थोडे थांबल्या. मग घरी गेल्या. शके एकोणीसशे सेहेचाळीस, फाल्गुन शुद्ध पंचमी, मंगळवार, सकाळी सव्वादहा वाजता माडआळीची वाडी फत्ते जाहली, ऐसे या दफ्तरी नोंदिले असे.