ठोकून पाहिलेली शाळा

आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात पाहुणा घरी आला की देवराव गजभिये आधी खुर्ची ठोकतो, मग बसा म्हणतो. हातोडी खिशातच असते. रेल्वेच्या यार्डात रात्रभर मालगाडीची चाकं ठोकायची आणि आवाजावरून तडा ओळखायचा, हे त्याचं काम. ठण्ण वाजलं तर चाक ठीक, भद्द वाजलं तर डबा बाजूला. माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. त्यानं माझा नवा फ्रिज ठोकला नि म्हणाला, "काकू, आवाज बरोबर नाही." फ्रिज आठ दिवसांत बंद पडला. तेव्हापासून तो माझ्याकडे जरा निरखून पाहायला लागला, की मी पदर सावरून हातोडीपासून लांब बसते.

त्याची पोट्टी मैत्री पाऱ्यातल्या सरकारी हिंदी शाळेत तिसरीत. लोक एकेक करून आपली पोरं काढून शंकर नगरच्या इंग्रजी शाळेत घालत होते. मैत्रीच्या वर्गात अकराच उरली. देवरावची बायको सुजाता म्हणे, "अकरांत पहिली येऊन काय करन ते?" तिचं खोटं नव्हतं. गुरुजी एक, वर्ग दोन, आणि दुपारनंतर नळाला पाणी नाही. देवरावचं मात्र एकच, "शाळेचा आवाज ठीक आहे." इंग्रजी शाळेच्या फॉर्मवर बापाची सही हवी होती आणि शनिवार शेवटचा दिवस. सुजातानं मला मध्ये घातलं, कारण इंग्रजी शाळेचा अनुभव पाऱ्यात सगळ्यात जुना माझा.

अनुभव कसला! तरुणपणी मला अक्कल कमी आणि हौस फार. पोराला पाऱ्यातल्या याच शाळेतून काढून टायवाल्या शाळेत घातलं. मे महिन्यातही मी त्याला टाय बांधून अंगणात फिरवायची. आईबापांची मुलाखत असते म्हणून इंग्रजी पाठ केलं. मॅडमनं प्रश्नांचा क्रम बदलला. त्यांनी पतीविषयी विचारलं आणि मी गाईचा निबंध म्हणून मोकळी झाले : चार पाय, दोन शिंगं, स्वभाव गरीब. प्रवेश मिळाला. आमचे हे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

तर अशी मी जाणकार, देवरावला घेऊन शंकर नगरला गेले. त्यानं फाटक ठोकलं. झेंड्याचा खांब ठोकला. चौकीदार घाबरून मागे मागे. आत राजवाड्यासारखे चार पांढरे खांब होते आणि शाळा दाखवायला एक मॅडम. देवरावनं एकाला हातोडी लावली. भद्द.

"मॅडम, हा खांब काय धरून आहे?"

"सर, वो तो डेकोरेशन है."

"हव. म्हणजे काहीच धरून नाही."

मग त्यानं पृथ्वीचा गोल ठोकला, मुख्याध्यापकांचं टेबल ठोकलं, आणि त्यांच्या गुळगुळीत टकलाकडे टक लावून पाहू लागला. मी त्याचा हात धरला. मुख्याध्यापक म्हणाले की बस सकाळी सहाला येईल आणि मुलीला दुपारी चारला घरी सोडेल. त्यावर देवरावनं हातोडी खिशात घातली आणि सरळ फाटकाबाहेर चालायला लागला.

शुक्रवारी सकाळी दहाला मी फॉर्म आणि पेन घेऊन त्यांच्या घरी गेले. रात्रपाळी करून देवराव खाटेवर पडला होता. मी हळूच म्हटलं, "सुजाता, झोपेतच अंगठा घेऊ का?"

खिडकी सताड उघडी. पलीकडे हातभर गल्ली आणि लगेच शाळेची भिंत. तिकडे पाढे सुरू झाले. विचारणारा आवाज मैत्रीचा.

"तेरह सत्ते?"

"इक्यानबे!"

"तेरह अट्ठे?"

वर्ग अडखळला. खाटेवरचा देवराव डोळे मिटूनच पुटपुटला, "एक सौ चार," आणि कूस बदलून घोरायला लागला.

सुजातानं आधी खिडकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काकू, रविवारी ह्यांना झोपच येत नाही. इकडून तिकडे फिरतात. मले वाटे, सुट्टीच्या गोंगाटानं होते."

तिनं माझ्या हातातून फॉर्म घेतला, उलटा केला आणि विचारलं, "शाळेच्या नळासाठी अर्ज कोणाले द्यायचा असते?"

त्या कोऱ्या बाजूवरच आम्ही अर्ज लिहिला. कुजबुजत लिहिला, कारण तेराचा पाढा अजून संपायचा होता.