लोकांची कुत्री आणि भिकाजीभावजी

दादरच्या एका बंगल्याच्या फाटकात गुरख्यानं विचारलं, "किससे मिलना है?" आमच्या भिकाजीभावजींनी उत्तर दिलं, "मोती से." गुरखा नवा. त्याला वाटलं, घरातल्याच कुणाचं लाडाचं नाव असेल. सलाम ठोकून आत सोडलं की हो त्यानं! मालकीणबाई बाहेर येऊन बघतात तर काय, धोतर-कोट-टोपीतला एक अनोळखी गृहस्थ व्हरांड्यात मांडी घालून बसलाय आणि दूधभातावर वाढलेला त्यांचा मोती त्याच्या हातून भाजका सुका बोंबील खातोय!

तर असे आमचे भिकाजीभावजी. लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले, तेव्हा शेजारच्या गाळ्यात ते आणि त्यांच्या गावची वीसेक माणसं राहायची. सगळे गिरणीतले, बायकापोरं कोकणात. सुट्टीच्या दिवशी बाकीचे पत्ते कुटायचे, नाहीतर भजनाला बसायचे. भिकाजीभावजी मात्र आंघोळ करून, टोपी झटकून, खिशात बोंबलाची पुडी टाकून निघायचे ते लोकांच्या कुत्र्यांना भेटायला. परळचा काळू, शिवडीच्या गोदामावरची चंपी, माझगावचा रेक्स. मालकांची नावं ठाऊक नसत. "चंपीचो मालक आजारी आसा," एवढंच सांगायचे.

"कुत्र्यांत काय ठेवलंय एवढं?" मी विचारायची.

"वैनी, माणूस तोंडदेखला हसता. कुत्र्याक ता जमाचा नाय."

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. मोर्चा निघाला की भिकाजीभावजी पुढे. घोषणा द्यायला गळा असा की खिडक्या थरथरायच्या. पण परळला काळू दिसला की घोषणा अर्ध्यावर. आमचे हे चिडून म्हणायचे, "अहो, मुंबई मागायला निघालोय ना आपण?"

"मागूया मा! ह्येची जरा विचारपूस करू दी."

मग गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. लालबाग-परळात रस्त्यावर दगडांचा खच. महिनाभर भिकाजीभावजींना माझगावला जाता आलं नाही. जेवणावरची वासनाच गेली त्यांची. रोज दारात येऊन विचारायचे, "वैनी, कुत्रो किती दिस याद ठेवता?" मी कधी मांजरसुद्धा पाळलं नव्हतं.

कर्फ्यू उठल्यावर आम्ही दोघं नवराबायको त्यांच्याबरोबर निघालो. मलाही बघायचंच होतं, कोण एवढा हा रेक्स. माझगावच्या गल्लीत एक बुटकं कौलारू घर, दारावर क्रूस. भिकाजीभावजी फाटकापासून दहा हातांवर थांबले. हाक नाही, शीळ नाही. हात नुसते कोटाच्या खिशात.

रेक्स उठला आणि दात विचकून भुंकायला लागला.

भिकाजीभावजींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माणूस पांढराफटक पडला. "चला वैनी," म्हणाले, "गेली वळख." आणि वळलेसुद्धा. तेवढ्यात भुंकणं थांबलं. रेक्सनं नाक वर केलं, हुंगलं, आणि कसलं फाटक न् कसलं काय! एका उडीत बाहेर. भावजी खाली, टोपी गटारात, वर रेक्स!

आरडाओरडा ऐकून रेक्सच्या मालकीण रोझीबाय बाहेर आल्या. साठीच्या असतील. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अरे मेल्या, महिनाभर होतास कुठं? काय शिकवून ठेवलंस ह्याला? मी 'सिट' बोलते, तर हा माझ्या तोंडाकडे बघत राहतो!"

"बस रे बापड्या," भिकाजीभावजी जमिनीवरूनच म्हणाले. रेक्स पटकन बसला.

"बघ! माझा कुत्रा मालवणी केला ह्यानं!"

आम्ही पोट धरून हसलो. भिकाजीभावजी हसले नाहीत. पायरीवर बसले, रेक्सचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्याशीच बोलावं तसं बोलायला लागले. "गणपतीक मी घराक गेलंय. दारातल्या खळ्यात पाय ठेवलंय, तर माझोच कुत्रो खंड्या माझ्या अंगावर धावलो. माझा चेडू, शेवंती, आवशीच्या पाठी लपला. म्हणता कसा, 'आये, ह्यो कोण इलो?' माझ्याच खळ्यात मी ट्रंक घेवन उभो. चार दिसांनी वळख पडली, पाचव्या दिसाक परत बोटीत."

रोझीबाय शेजारी पायरीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "माझा नवरा बोटीवर नोकरीला होता. वर्ष वर्ष यायचा नाय. त्याचा न धुतलेला शर्ट मी कुत्र्याच्या टोपलीत ठेवायची. आला की कुत्रा अंगावर उडी मारायचा, भुंकायचा नाय. तू पण पाठव."

पुढच्या आठवड्यात गावाला जाणाऱ्या एकाबरोबर भिकाजीभावजींनी अंगातला मळका गंजीफ्रॉक धाडला. गाळ्यात हसून हसून मुरकुंड्या. "लोक बायलेक लुगडा धाडतत, ह्यो घामट गंजी धाडता!"

महिन्याभरानं पत्र आलं. गाळ्यात वाचून घेतलं तर वीस जण चेष्टा करणार, म्हणून ते माझ्याकडे आले. शाळा मी पाहिली नाही, पण पुड्यांचे कागद वाचून वाचून अक्षर लावायला शिकले होते. गावच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं पत्र, मी बोट ठेवत वाचलं:

"आपण पाठविलेला गंजीफ्रॉक पोचला. खंड्यासाठी अंथरला होता, परंतु चि. शेवंतीने तो उचलून नेला. रात्री तोच उशाला घेऊन निजते, धुवू देत नाही. तरी खंड्यासाठी दुसरा पाठविणे."

"शेवंतीचा परत वाचा," भिकाजीभावजी म्हणाले.

मी वाचलं. आणखी एकदा म्हणाले, आणखी एकदा वाचलं. मग त्यांनी सदऱ्याची बटणं सोडली, अंगातला गंजीफ्रॉक काढला, मांडीवर नीट चौघडी घातली. "वैनी, बांधाक कागद आसा काय?"

कागद हाताशीच होता. तरी मी फळीकडे तोंड करून बराच वेळ शोधत राहिले.