विद्येच्या मालातली खोट

पुंजारामांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, आणि हिवरखेडच्या चावडीवर भगवंतरावांच्या तोंडून नको ते निघून गेलं.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. हातात पैसा खुळखुळत होता आणि त्याचं करायचं काय, हे कोणालाच उमगत नव्हतं. सगळी चावडी त्या शेंब्यांना हात लावून पाहू लागली, तसं भगवंतरावांना राहवलं नाही. ते म्हणाले, "शिंगं काय, कोनीबी मढवते. आमी चंद्रभानले विलायतेले धाडून राहिलो. थोरल्या विद्येसाठी."

चावडीनं शेंब्या सोडून त्यांच्याकडे पाहिलं. घरी पोचेपर्यंत भगवंतरावांना आपल्याच बोलण्याची धास्ती वाटू लागली होती. चंद्रभान एकुलता एक. अकोल्याच्या शाळेत चार इंग्रजी बुकं शिकलेला, पण पायात काटा रुतला तरी आईला हाक मारणारा. त्याला विचारलं तर "तुमी म्हनान तसं" म्हणाला, आणि त्या दिवसापासून एकाच भाकरीवर पानावरून उठू लागला. भगवंतरावांना ते पाहवेना. पण बोललेला शब्द मागे घ्यावा, तर गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

मग त्यांना एक मार्ग सुचला. साहेब लोक वर्षानुवर्षं त्यांच्या कापसात खोट काढत आले होते. कधी म्हणे ओल आहे, कधी म्हणे कचरा आहे. आता आपण साहेबांच्या विद्येत खोट काढायची. अशी जबर, की गावानंच म्हणावं, नका धाडू. अकोल्याला जाऊन चौकशी करतो म्हणून त्यांनी दमणी जुंपली, तर पुंजाराम न बोलावताच येऊन शेजारी बसले.

अकोल्यात कापूस घेणारा इंग्रज साहेब स्वतः तिकडच्या विद्यापीठात शिकलेला होता. जहीर दलाल मधे दुभाषी. साहेबानं खुशीत येऊन सगळं सांगितलं. तिथं तीन वर्षं कॉलेजातच राहायचं, अंगात काळा झगा घालायचा, रात्री नऊला दरवाजा बंद. आणि मोठ्या दालनात सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं. ठरलेल्या पंगती जेवल्या नाहीत, तर शिकण्याचा काळच धरत नाहीत.

पंगतीत मांस वाढतात, हे ऐकताच भगवंतरावांचा चेहरा उजळला. आमच्या घराण्यात हे चालायचं नाही, असं म्हणून ते उठलेसुद्धा. इतक्यात पुंजाराम हळूच म्हणाले, "जहीरभाई, साहेबाले इचारा, नुसता भात न् बटाटा खाल्ला तं चालते काय?"

साहेबानं विचार केला आणि सांगितलं, ताटात कोणी डोकावत नाही, बसलं की झालं. भगवंतराव पुन्हा खाली बसले. पुंजारामांचंही तोंड का उतरलं, हे पाहण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते.

पहिल्याच बोलीला कोणी माल देतो का, असं म्हणत भगवंतरावांनी वेळ मारून नेली. अमरावतीला एक जर्मन साहेब होता, त्याच्याही मुलखातली विद्या पाहू म्हणाले. जहीरला दमणीत घेऊन तिघं निघाले.

जर्मन साहेबाकडची रीत अगदी उलटी. पंगत नाही, झगा नाही, कुलूप नाही. गावात खोली घ्यायची, हवा तो गुरू धरायचा. सहा महिने एका शहरात, सहा महिने दुसऱ्या. हजेरी कोणी घेत नाही आणि परीक्षा द्यायची ती आपल्याला वाटेल तेव्हा. पुंजाराम म्हणाले की असं शिक्षण त्यांचा पोरगा महादेव चार वर्षांपासून घरीच घेऊन राहिला आहे.

भगवंतरावांना हसू आलं नाही. या मालात खोट कुठं काढायची? तेवढ्यात त्यांची नजर साहेबाच्या गालावरच्या लांबलचक वणाकडे गेली. साहेबानं तो अभिमानानं पुढे केला. विद्यार्थी असताना तलवारबाजीत मिळालेला! भगवंतरावांचा जीव भांड्यात पडला.

"आता हे सक्तीचं असते का, तेवढं इचारा," पुंजाराम म्हणाले.

सक्तीचं नव्हतं. ज्याला हौस असेल त्यानं करावं.

 घरी आल्यावर भगवंतरावांनी दोन्ही मुलखांची विद्या बायकोपुढं, दुर्गाबाईंपुढं मांडली. कारभारीण रडेल, हात धरेल, ही शेवटची आशा होती. दुर्गाबाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तिथं लेकरू तापानं फणफणलं, तं उशापाशी कोन बसते?"

"हे मी इचारलंच नाई," भगवंतराव म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. चारशे सवाल केले, आणि हा एक राहिला.

दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मंग चावडीवर सांगा, बायको जाऊ देत नाई म्हना. मले कुठं चावडीवर बसाचं हाय?"

त्या दिवशी चंद्रभाननं तीन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी भगवंतरावांनी चावडीवर मान खाली घालून तसं सांगितलं. सगळी चावडी पोट धरधरून हसली. एवढा मोठा कास्तकार, आणि बायकोपुढं चालत नाही! पुंजाराम सगळ्यांत मोठ्यानं हसले. मग भगवंतरावांचा हात धरून त्यांना बाहेर बैलांपाशी घेऊन गेले.

"भगवंतराव, पाय धरतो तुमचे, वाचवलं तुमी मले," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमचा चंद्रभान जाते म्हनल्यावर मीबी घरी बोलून बसलो, आपला महादेवबी जाईन म्हनून. तवापासून आमच्या कारभारनीनं चूल पेटवली नाई."

"मंग तिथं ताटाचं न् तलवारीचं काहून इचारत होते?"

"साहेब नाई म्हनन, या आशेनं!"

 मग पुंजाराम आत जाऊन छाती काढून सगळ्यांना सांगू लागले, की महादेवची तर पुरी तयारी झाली होती, पण आता भगवंतरावांच्या पोराची सोबतच नाही, तर एकट्याला एवढ्या लांब कसं धाडावं? चावडीला ते पटलं. बायकोच्या धाकात राहणारा म्हणून गावानं हसायचं ते एकट्या भगवंतरावांनाच, आणि तेही त्या हसण्यात मनापासून सामील झाले.