मेटसाहेबांची मान

शामरावकाका मेट झाले, म्हणजे मजुरांच्या एका टोळीचे म्होरके झाले, आणि त्यांची मान जी वर गेली ती खाली यायचं नावच घेईना. भिलाईत भट्ट्यांचे पाये खणले जात होते. काकांची चाल बघून वाटे, अख्खा कारखाना त्यांच्याच खांद्यावर उभा राहतोय. राहायचे मात्र सेक्टर दोनमध्ये, भावाच्या क्वार्टरात. टोळीच्या माठातलं पाणी ते पीत नसत. नुसतं 'मेट' म्हटलं तर ओ देत नसत.

"मेटसाहेब म्हन! अंग्रेजी पद हाय!"

रविवारी त्यांनी ओव्हरसियरला जेवायला बोलावलं. आपला रुबाब साहेबाला दिसला की याहून मोठी टोळी मिळणार, असा हिशेब. गयाकाकूंनी कोंबडा शिजवला. टोळीलाही बोलावलं होतं. जेवायला नव्हे, अंगणात बसून टाळ्या वाजवायला.

"नलू, तुही डिक्शनरी आन. सांग साहेबाले, मेट म्हंजे कितीक मोठा आदमी!"

मॅट्रिकला बसलेल्या पुतणीने शब्द कालच पाहून ठेवला होता. काकांनी आधी विचारलं असतं तर तिनं आधी सांगितलं असतं; पण पोरींना विचारणं त्यांच्या शानीत बसत नव्हतं.

नलू खणखणीत म्हणाली, "मेट म्हणजे सोबती. मूळ अर्थ, संगं बसून जेवणारा."

"काय बकून राहिली?"

"छापलं हाय, काकाजी!"

टोळीतला चंपत ताडकन उठला. "म्हंजे आमी बी मेट! मंग आपन बाहेर कावून बसून राहिलो, बा?"

ओव्हरसियर पोट धरून हसला. "अरे शामराव, बिठाओ सबको!"

साहेबाचा हुकूम! पंगत बसली. बघता बघता पातेल्याचा तळ दिसला. काकांना मान हवा होता. वाट्याला आली कोंबड्याची मान.

दुसऱ्याच दिवशी काकांनी जाहीर केलं, "आजपासून मले मुकादम म्हना. अंग्रेजी भाषाच हलकट!"

संध्याकाळी चंपत दारात हजर. "नलूबाई, मुकादम म्हंजे का होते?"

नलूने उर्दूच्या मास्तरांना विचारूनच ठेवलं होतं. "सगळ्यांच्या पुढं असणारा."

"वा! मंग उद्या चिखलात घमेलं घेऊन पयले मुकादमसाहेब!"

आतून काकांचा आवाज आला, "चंपत, मेटच म्हन, बाप्पा! अन् उभा कावून? ये, जेवाले बस."