दयाराम काकाजी आणि जेवणारी माणसं

पडद्यावरची माणसं जेवायला बसली, की दयाराम काकाजी उठून बाहेर जायचे.

वाचनालयाच्या ओसरीत पाठ फिरवून उभे राहायचे आणि थोड्या थोड्या वेळानं आत हाक द्यायचे, "झालं काय गा त्याहीचं?"

"काकाजी, सिनेमा आहे तो! ती माणसं मरूनसुद्धा किती वर्षं झाली असतील."

"मग? मेलेल्याच्या ताटात पाहावं, असं तुह्या कोणत्या पत्रकात लिवलं हाय?"

माझ्या कुठल्याच पत्रकात तसं लिहिलेलं नाही. जेवणाऱ्याच्या ताटाकडे टक लावून पाहू नये, नजर लागते, हे आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावात बोलायला लागण्याआधी शिकवतात. आणि जुन्या जपानी सिनेमातली माणसं तर सारखी जेवतात. लग्न ठरवायचं तर जेवतात, मोडायचं तर जेवतात. त्यामुळे काकाजींचा प्रत्येक सिनेमा निम्मा ओसरीतच गेला.

हे रविवारचे सिनेमे मीच सुरू केले. माझे वडील चळवळीची पत्रकं वाटायचे, मी अक्षरं त्यांवरच गिरवली. पैसेवाल्यांच्या नाचगाण्यांनी माणसं झोपवली आहेत आणि त्यांना जगातला खरा सिनेमा दाखवून जागं करायचं, असं माझं ठाम मत होतं. अजूनही आहे. सेक्रेटरींनी वाचनालयाचा हॉल दिला, मी लॅपटॉप आणि उसना प्रोजेक्टर आणला आणि पत्रक काढलं: 'श्रमिकांनो, रविवारी दुपारी तीन वाजता या!' खाली जपानी रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं, चित्र टाकलं.

एकच श्रमिक आला. दयाराम काकाजी. चित्र पाहून त्यांना वाटलं, बियाण्याची मीटिंग आहे.

"धान कोणतं हाय हे?" बसल्याबसल्या त्यांनी विचारलं.

"काकाजी, हा जपानी सिनेमा आहे. माणसाच्या शोषणाबद्दल."

"ते पाहू. पण परहे दाट लावले त्याहीनं."

परहे म्हणजे धानाची रोपं. रोवणी संपेपर्यंत काकाजी बायांच्या हातांकडेच पाहत होते. मग म्हणाले, "दोरी लावून सरळ रोवतेत. चांगलं हाय." पुढच्या रविवारी ते पुन्हा आले.

सिनेमातलं बोलणं पडद्यावर इंग्रजीत येतं. ते मी मोठ्यानं मराठीत सांगतो. सुरुवातीला सांगता सांगता मी त्यात थोडा विचारही घालत असे. एकदा एक म्हातारा मुलाला काहीतरी म्हणाला आणि मी सांगितलं, "बाळा, या जुलमी व्यवस्थेनं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या लुबाडलं आहे."

"बाबू," काकाजी म्हणाले, "त्याचं तोंड त दोनदाच हाललं."

मी घाईनं पुढचं वाक्य सांगू लागलो.

"खरं सांग, काय म्हणला तो?"

"'आलास?' म्हणाला."

"मंग तेवढंच सांग ना! बाप आपल्या पोराले भाषण कायले देईल?"

तेव्हापासून मी तेवढंच सांगतो.

दुसऱ्या एका रविवारी पडद्यावर नुसती रिकामी खोली दिसत राहिली. मुलगी सासरी गेलेली, खोलीत कोणी नाही, काही हालत नाही. लॅपटॉप अडकला असं समजून मी बटणं दाबू लागलो.

"काऊन घाई करून राहिला?" काकाजी खेकसले. "घर आताच रिकामं झालं. त्याले बी वेळ लागते."

त्याच दिवशी ते खुर्ची सरकवून खाली सतरंजीवर बसले. "तू बी बस. फोटोवाला खाली बसून काढून राहिला अन्‌ आपण खुर्चीवर? कसं दिसन?" मी बसलो. खरंच, तो सिनेमा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी काढलेला होता. परदेशी सिनेमावर मी वाचलेल्या लेखांतून हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं.

मग सेक्रेटरींनी निरोप दिला, की पुढच्या रविवारी दहा माणसं जमली नाहीत तर हॉल बंद, एका माणसासाठी पंखे फिरवणार नाही. मी भडकलो. काकाजींनी माझ्याकडून पत्रकांचा गठ्ठा घेतला आणि आठवडी बाजारात जाऊन वाटला.

"येतो म्हणून राहिले सगळे," ते म्हणाले.

रविवारी कोणी आलं नाही. काकाजींनी दोनदा दारात जाऊन रस्ता पाहिला. "लाव," म्हणाले.

त्या सिनेमात मुलं एकेक करून शहरात जातात. शेवटी म्हातारा बाप उरतो. तो चुलीवरून भात उतरवतो, वाटीत घेतो आणि एकटा जेवायला बसतो.

काकाजी आता उठतील म्हणून मी पाय आवरून वाट केली. ते उठले नाहीत.

"काकाजी, जेवतोय तो."

"दिसून राहिलं मले." नजर पडद्यावरच होती. "एकट्या जेवणाऱ्याले सोडून जाऊ नये."

म्हाताऱ्यानं शेवटचा घास खाल्ला, वाटी विसळली. काकाजी तोवर हालले नाहीत. काकू गेल्या त्याला तीन वर्षं झाली. दोन्ही मुलं रायपूरला आहेत. हे मला आधीपासून ठाऊक होतं. नुसतं ठाऊक होतं.

हॉलला कुलूप लागलं. सेक्रेटरींविरुद्ध कडक पत्रक काढायचं मी बोलू लागलो, तेव्हा काकाजींनी थांबवलं.

"पत्रक मंग काढ. रविवारी मशीन घेऊन माह्या घरी ये. अन्‌ जेवून येजो नको."

गेलो. त्यांनी भिंतीवर पांढरं धोतर ताणून बांधलं होतं, खाली चटई. सिनेमा सुरू झाला. थोड्या वेळानं पडद्यावरची माणसं जेवायला बसली आणि काकाजी उठले. ते बाहेर चालले असं समजून मी सिनेमा थांबवायला लॅपटॉपकडे हात नेला.

"चालू दे," ते आतून ओरडले.

बाहेर आले तेव्हा दोन्ही हातांत ताटं होती. भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण.

"आता पाहा किती पाहाचं ते," ताट माझ्यापुढे ठेवत काकाजी म्हणाले. "आपण बी जेवूनच राहिलो."