एका नकारात गेलेला पूल

ज्याला स्वतःला काय हवं ते सांगता येत नाही, त्यालाच देशाला काय हवं ते सांगायला परदेशी पाठवावं, हे राज्यकारभारातलं मोठं शहाणपण आहे. आमच्या थिंफूत ते पहिल्यापासून आहे.

आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की तोंडावर हात धरून 'मेशू मेशू' म्हणायचं, म्हणजे नको नको. तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं. पहिल्याच खेपेला घेतो तो हावरा, आणि तिसऱ्यांदाही घेत नाही तो आजारी.

पेंजोर यात लहानपणापासून तरबेज. अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आला, विषय 'मागणी'. पाचशे बारा पानं (त्यात त्याने स्वतः काहीच मागितलेलं नाही). भूतानी माणूस सरासरी दोन पूर्णांक सात वेळा नको म्हणतो, हा शोध त्याचाच. परराष्ट्र खात्यातली नेमणूक त्याने तीनदा नाकारली. बढती चारदा नाकारली, म्हणून दोन बढत्या एकदम मिळाल्या.

त्याची आई नदीपल्याडच्या गावी. दवाखाना समोर दिसायचा, हाक मारली तर डॉक्टर खिडकीत यायचा, पण पोचायचं तर डोंगराला वळसा घालून सहा तास. गुडघे दाखवायला जायची आणि जास्त दुखवून परत यायची. पेंजोर एका थंड, श्रीमंत देशाशी बोलणी करायला निघाला, तेव्हा तिने बजावलं, "पेंजोर, पूल तेवढा घेऊन ये. बाकी काही आणू नकोस, चॉकलेटं मला चावत नाहीत."

बैठकीत तिकडचे साहेब दुसऱ्याच मिनिटाला म्हणाले, तुमच्या त्या नदीवर आम्ही पूल बांधून देतो. पेंजोरने तोंडावर हात धरला. "मेशू मेशू."

दुभाष्याने चोख भाषांतर केलं. साहेबांनी, आपल्या निर्णयाचा आदर आहे, असं म्हणून फाइल मिटली. पेंजोर दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसला. (चाळीस मिनिटं. इतिवृत्तात 'सखोल विचारविनिमय' अशी नोंद आहे.) शेवटी ती शांतता सोसवेना, तेव्हा त्यानेच रीत म्हणून म्हटलं, "त्यापेक्षा आमचे कारागीर पाठवतो, तेच तुम्हाला पूल बांधून देतील."

"धन्यवाद," साहेब म्हणाले, आणि लगेच मापं सांगितली.

वर्षभरात तिकडे पूल उभा राहिला. श्रीमंत देशाला मदत करणारे आपण पहिलेच, म्हणून पेंजोरला राजाकडून मानाचं लाल उपरणं मिळालं, तो दाशो झाला, म्हणजे आमच्याकडचा रावबहादूर. सत्काराला आईही आली, वळसा घालून. मंत्र्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "आई, तुम्हाला काही हवंय का?" सगळं दालन तिचा हात तोंडाशी जायची वाट बघू लागलं.

"पूल," आई म्हणाली.

दाशोंनी मान खाली घातली. मंत्र्यांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी नियमांच्या पुस्तकाकडे. पहिल्याच खेपेला हो म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणावं, याचं कलमच त्यात नव्हतं. नाइलाजाने आठ महिन्यांत पूल झाला. (त्या बाईला काही वळण नाही, असं लोक अजून बोलतात. बहुतेक जण पुलावर उभं राहूनच.)

तुम्ही हसताय, हसा. पण परवा भाचीच्या घरी 'कशाला गं, आहेर नको म्हटलं होतं ना' असं म्हणत तुम्ही साडी मागे सारलीत. ती भोळी, तिने खरंच कपाटात ठेवून दिली. त्यानंतर तिच्याकडे एकदा तरी गेलात का?